बर्फ धरेपर्यंत



वैशाखाच्या उकाड्यात आपण हातातल्या पत्रिकेने वारा घेत बसला आहात आणि मी बोलणार आहे ते गोठणाऱ्या तळ्याविषयी. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय मागितला तेव्हा मी ‘विनिपेग तळ्यावरचे हिवाळी मच्छीमार’ असे लिहून दिले. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. त्यांना वाटले होते, मी महागाईभत्त्यावर बोलेन. त्या विषयावर मी वर्षाचे बाकीचे दिवस बोलतच असतो.

बर्फाशी माझी ओळख मात्र जुनी आहे. शाळा सातवीत सुटली आणि सतराव्या वर्षी मी मुंबईतल्या एका बर्फ कारखान्यात लागलो. आकडीने लादी ओढायची, ती गोदीवर मच्छीसाठी पाठवायची, हे माझे काम. मिठाच्या थंड पाण्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असत. डबा भरला की साधारण दोन दिवसांनी लादी निघे. आम्हां पोरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. लादीच्या कडा पाहता पाहता धरतात, पण तिचे पोट धरायला फार वेळ लागतो. घाई करून डबा उपसला तर मध्ये पाणी निघे आणि मुकादमाच्या शिव्या खाव्या लागत. याच्यामागे काही शास्त्र असेल असे तेव्हा मनातही आले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते शास्त्र मला एका फोनमुळे सापडले. युनियनमधल्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात नोकरीला आहे. तळ्याकाठच्या एका मच्छीमार कुटुंबाशी त्याचा घरोबा आहे. एका नोव्हेंबरात त्याचा फोन आला, “काका, एकाएकी थंडी पडली. आज उणे अठरा. आता दोन दिवसांत तळे धरेल आणि जाळी पडतील.” दहा दिवसांनी मी विचारले, तर म्हणाला, “नाही हो, अजून वाटच पाहताहेत.” शून्याखाली अठरा अंश, आणि पाणी गोठत नाही! मी वाचनालयात जाऊन बसलो. त्या वाचनातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

हे तळे म्हणजे आपल्या गावचे तळे नव्हे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 24,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला सबंध पुणे जिल्हा त्यात बुडून वर जागा उरेल. खोली मात्र सरासरी बाराच मीटर. आता पाण्याचा एक विचित्र स्वभाव पाहा. गोडे पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते. थंडी पडली की वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली जाते, खालचे ऊबदार पाणी वर येते. सारे पाणी चार अंशांवर येईपर्यंत ही उलथापालथ चालते. त्यानंतर मात्र अधिक गार झालेले पाणी हलके होऊन वरच राहते, आणि तेच गोठते. म्हणजे थंडीची पहिली लाट येते ती उन्हाळ्याची साठलेली ऊब काढून टाकण्यात खर्ची पडते. माणसाच्या नाकाला थंडी कळते, तळ्याला ती कळायला वेळ लागतो.

त्यातून अशी लाट बहुधा वारा घेऊन येते. वारा पाणी ढवळतो आणि पातळ पापुद्रा धरला असेल तर तो फोडून किनाऱ्याला ढकलतो. मच्छीमाराला हवी असते ती शांत, निरभ्र रात्र. बरे, बर्फ धरला आणि वर हिम पडले, तर आपल्याला वाटेल, काम झाले. उलट होते! भुसभुशीत हिम म्हणजे तळ्यावर घातलेली गोधडी. तिच्याखाली बर्फ वाढायचा मंदावतो.

आणि वाढतो तो कसा? योझेफ स्टेफान नावाच्या शास्त्रज्ञाने 1891 साली ध्रुवसमुद्रातल्या बर्फावर लेख लिहून याचा हिशेब मांडला. थंडी तीच राहिली तर दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो, कारण आधी धरलेला बर्फच खालच्या पाण्याला थंडीपासून झाकतो. हे वाचले तेव्हा मी वाचनालयात मोठ्याने हसलो. आमच्या लादीचे पोट! तीस वर्षांनी मला त्या मुकादमाची आठवण झाली.

आता माणसांकडे येतो. तिथला हिवाळी मच्छीमार गळ टाकून छंद करणारा नव्हे. तसे हौशी लोकही पुष्कळ आहेत आणि तेही पहिल्या बर्फाची वाट पाहतात, पण त्यांची चूल त्यावर पेटत नाही. मी बोलतो आहे तो बर्फाखाली जाळी लावणाऱ्यांविषयी. बर्फाच्या खाली जाळे पसरायचे कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. बर्फाला एक भोक पाडतात आणि त्यातून एक लांब लाकडी फळी खाली सोडतात. लाकूड तरंगते, म्हणून ती बर्फाच्या पोटाला आतून चिकटते. फळीला लोखंडी दांडा आणि दोरी असते. दोरीला हिसका दिला की दांडा वरच्या बर्फाला टेकून फळीला पुढे रेटतो. एक हिसका, एक पाऊल. वर दुसरा माणूस ठकठक ऐकत तिच्या मागोमाग चालतो. जाळ्याच्या लांबीइतकी फळी गेली की तिथे दुसरे भोक, दोरी वर घ्यायची आणि तिच्यामागे जाळे ओढून घ्यायचे. कुणा इंजिनिअरने कचेरीत बसून काढलेली ही युक्ती नव्हे, हातांनी काम करणाऱ्यांचीच आहे.

हे काम शिकण्याची किंमतही मोजावी लागली आहे. 1875 च्या ऑक्टोबरात आइसलंडहून आलेल्या कुटुंबांनी या तळ्याच्या पश्चिम काठावर गिमली येथे वस्ती केली. समुद्रावरचे पिढीजात कोळी ते, पण गोठलेल्या तळ्यावर त्यांची विद्या चालेना. आणलेल्या जाळ्यांचे डोळे तिथल्या माशांना मोठे पडले. पहिला हिवाळा त्यांनी अर्धपोटी काढला. ज्यांची ती भूमी होती ते क्री आणि अनिशिनाबे लोक मात्र बर्फाखाली जाळी लावणे कधीचेच जाणत होते.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो. जाळी दुरुस्त झालेली, हिमावर चालणारी गाडी तेल घालून तयार, मदतनीस सांगून ठेवलेला, आणि बर्फ नाही. आपल्या कोकणच्या कोळ्यालाही थांबावे लागते, पण 1 जून ते 31 जुलै बंदी, हे त्याला आधी ठाऊक असते. त्या 61 दिवसांसाठी तो उसनवार करतो, पण कितीची करायची हे त्याला कळते. विनिपेगच्या माणसाला तारीखच नसते. आज नाही, उद्या पाहू. त्यात थंडीची लाट आली की सबंध गावाला वाटते, आता झालेच. दुकानदाराला वाटते, उधारी सुटेल. घरात पोरांना वाटते. आणि नेमक्या त्याच दिवसांत बर्फ सर्वांत फसवा असतो.

शेजारच्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे सरकारी खाते सांगते की पायी चालायला निदान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा, हिमगाडीला पाच ते सात. आणि बर्फ पांढरा असेल, म्हणजे हिम भिजून झालेला, तर दुप्पट जाडी हवी. वर तेच खाते बजावते की कोणताही बर्फ पुरता भरवशाचा नसतो. आकडे सर्वांना पाठ आहेत. तरीही माणसे दोन इंचांवर जातात. ती मूर्ख आहेत काय? मी कारखान्यात अमोनियाची गळती असताना आत शिरणारी माणसे पाहिली आहेत. त्यांनाही धोका माहीत होता. पण त्यांचा रोज तोंडातून निघणाऱ्या वाफेपेक्षा लवकर उडून जाणारा होता. थांबण्याचा खर्च ज्याने एकट्याने सोसायचा त्याला ‘जपून जा’ म्हणणे फार सोपे असते.

कॅनडाने 1957 साली एक बरी गोष्ट केली. स्वतःच्या होडीवर, स्वतःच्या जाळ्याने मासे धरणाऱ्यांनाही त्यांनी बेकारी विम्यात घेतले. इतर स्वतंत्र धंदेवाल्यांना तो मिळत नसताना हे झाले. त्यात मेख आहे. हक्क मिळतो तो आधी विकलेल्या मासळीच्या कमाईवर. म्हणजे हंगाम आखूड झाला की कमाई घटते, आणि कमाई घटली की विम्याचा आधारही डळमळतो. ज्या वर्षी गरज जास्त त्या वर्षी हात आखडता. युनियनच्या टेबलावर अशा अटी मी पुष्कळ वाचल्या आहेत.

आणि हंगाम आखूड होत चालला आहे. उत्तर गोलार्धातल्या तळ्यांच्या आणि नद्यांच्या 1846 ते 1995 या काळातल्या नोंदी एकत्र करून 2000 साली शास्त्रज्ञांनी दाखवले की शंभर वर्षांत गोठण्याचा दिवस सुमारे सहा दिवसांनी पुढे गेला आणि वितळण्याचा साडेसहा दिवसांनी अलीकडे आला. जपानमधल्या सुवा तळ्याची नोंद तर तिथल्या देवळाचे पुजारी 1443 पासून ठेवीत आले आहेत. तळे न गोठल्याचे हिवाळे तिथे पूर्वी विरळा होते, आता नित्याचे झाले आहेत. 2020 साली आणखी एक अभ्यास आला. त्यात दहा देशांतले हिवाळी बुडितांचे आकडे होते. माणसे सर्वांत जास्त बुडाली ती कडाक्याच्या हिवाळ्यांत नव्हे, तर तापमान उणे पाच ते शून्य यांच्या दरम्यान घोटाळत असताना. वाट पाहण्याचे दिवस वाढले, तसे न थांबवणाऱ्यांचे दिवसही वाढले.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलाने मला एक गोष्ट सांगितली. ज्या घरी तो जातो तिथले आजोबा रोज पहाटे पहार घेऊन काठावर जात. एक पाऊल, पहारेचा एक घाव, मग पुढचे पाऊल. पाणी वर आले की मागे वळायचे. थंडीची लाट आली त्या आठवड्यात ते पाच पहाटे गेले आणि पाचही वेळा परतले. शेजारची दोन पोरे त्यांना हसत गाडी घेऊन पुढे गेली होती आणि नशिबाने गुडघाभर पाण्यातच अडकली.

मी त्याला विचारले, “त्या पाच दिवसांचा रोज आजोबांना कोणी दिला?”

फोनवर तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “रोज कसला, काका? घरी येऊन जाळ्याच्या गाठी मारीत बसले. संध्याकाळी आजींनी दुकानदाराला सांगून पाठवले, आणखी आठ दिवस थांब म्हणून.”