बालगंधर्वांचा शालू

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. रंगभूमीवर ते नाटकांतल्या नायिका झाले, भामिनी झाले, सिंधू झाले आणि सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, तसाच गजरा माळू लागल्या. बाईनं कसं दिसावं, हे ठरत होतं एका पुरुषाकडे पाहून! उंची शालू, भारी अत्तरं यांवर त्यांनी पैसा ओतला. १९१३ साली निघालेली त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, तरी थाट सुटला नाही. १९३५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पुरुषवेशात. पण लवकरच पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळले. वय झालं, शरीर थकलं, तरी लुगडं नेसून रंगमंचावर येत राहिले. ही हौस, पोटाची निकड, की स्वतःची ओळख? मला तरी तिन्ही वाटतात.