आयत्या वेळचे उत्तर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



लिहून आणलेले भाषण चौकसभेत कोणालाही करता येते. कार्यकर्त्याची खरी परीक्षा होते ती भाषण संपल्यावर. गर्दीतून एखादे गृहस्थ उठतात आणि विचारतात, “देशाचे दरडोई उत्पन्न एवढे वाढले, तरी तुमचे गरिबीचे रडगाणे चालूच कसे?” अशा वेळी आपल्यापैकी पुष्कळजण भांडवलशाहीच्या उगमापासून सुरुवात करतात. ते वर्तमानकाळापर्यंत पोचण्यापूर्वीच प्रश्नकर्ते घरी गेलेले असतात.

माझे सांगणे साधे आहे. प्रश्नात जे खरे असेल ते प्रथम मान्य करावे. नंतर आपले म्हणणे एका वाक्यात मांडावे. त्याला एकच उदाहरण द्यावे आणि थांबावे. “उत्पन्न वाढले, हे खरे आहे. परंतु सरासरीवरून वाटणी कळत नाही. दहा माणसांपैकी नऊजणांना महिना प्रत्येकी १,००० रुपये आणि एकाला ९१,००० रुपये मिळत असतील, तर सरासरी १०,००० येते. नऊ घरांत मात्र हजारच रुपये पोचतात.” एवढे उत्तर पुरेसे आहे.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी हाच मुद्दा मांडला होता. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे ते म्हणाले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. तो साऱ्या देशाच्या सरासरीचा होता. लोहिया बोलत होते ते तळच्या साठ टक्के जनतेविषयी. ‘तीन आणे’ हे शब्द लोकांच्या तोंडी राहिले, कारण ते कोणालाही समजण्याजोगे होते आणि त्यांच्यामागे हिशेब होता. असा हिशेब आधी करून ठेवला असेल, तरच आयत्या वेळी थोडक्यात बोलता येते.

हिशेब ठाऊक नसेल, तर “मला माहीत नाही, पाहून सांगतो” असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. मात्र पुढच्या सभेत ते आठवणीने सांगावे. ठोकून दिलेला एक आकडा उघडा पडला, की आपल्या खऱ्या आकड्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क आपण जनतेसाठी मागतो. तोच हक्क कोणी आपल्यापुढे बजावला, तर त्याला सरळ उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.