वाघ दिसला नाही तरी चालेल

(१९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशीच्या ताडोबा सहलीच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘जंगलात फोटो कसे काढावेत’. कारण उघड आहे. उद्या पहाटे आपण चोवीस जण चार जिप्सींमधून मोहर्ली गेटने आत जाणार आहोत. आपल्या वर्गाचा इतिहास पाहता एका गाडीत सहा जण साडेतीन तास गप्प बसतील, यावर माझा विश्वास नाही. बाईंचा तर मुळीच नसेल. म्हणून आजच काही गोष्टी सांगून ठेवतो.

ताडोबा आपल्याला नवं नाही. १९५५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. आपण सहावीत होतो तेव्हा, म्हणजे १९८६ साली, शेजारचं अंधारी अभयारण्य जाहीर झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. पण तेव्हा चंद्रपुरात राहून ताडोबाला किती जण गेलो होतो? आता पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून लोक चार-चार महिने आधी बुकिंग करून येतात. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा असतो आणि प्रत्येकाला वाघाचा फोटो हवा असतो. मलाही हवा होता. त्याची गोष्ट शेवटी सांगतो. आधी कामाचं.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याची नाही, बोलण्याची आहे. गाडीत बसल्या बसल्या चालकाला आणि गाइडला एवढंच सांगा, ‘दादा, वाघ दिसला नाही तरी चालेल. नियम मोडायचा नाही.’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. ही मुलं जंगलाच्या कडेच्या गावांतली असतात. पर्यटक नाराज झाला तर तक्रार होईल, बक्षिसी जाईल, ही धास्ती त्यांच्या मनात असते. आपण आधीच मोकळं केलं की ती निवांत होतात आणि मग खरं जंगल दाखवतात. अस्वलानं फोडलेलं वारूळ, सागाच्या बुंध्यावर वाघानं मारलेले ओरखडे, रानकुत्र्यांची विष्ठा. ‘वाघ दाखव, पाचशे जास्त देतो’ असं कोणीही म्हणायचं नाही. बक्षिसी द्यायची ती शेवटी, गेटवर आल्यावर, आणि वाघ दिसो न दिसो, सारखीच.

दुसरी गोष्ट अंतराची. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुठल्याही प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि प्राणी दिसलेला असताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर. वीस मीटर म्हणजे किती? आपल्या शाळेच्या खेळपट्टीची एक लांबी. तुमच्यातल्या क्रिकेटवाल्यांना अंदाज येईल. ते कमीत कमी आहे. वाघीण पिल्लांबरोबर असेल तर त्याहून बरंच लांब राहायचं.

पण आकडा पाठ करण्यापेक्षा प्राण्याकडे बघायला शिका. मी एक साधी खूण वापरतो. प्राणी जे करत होता ते त्यानं आपल्यामुळे थांबवलं, तर आपण जास्त जवळ आहोत. चितळ चरायचं थांबलं, मान ताठ करून आपल्याकडे बघत पाय आपटायला लागलं, की समजायचं. वाघ चालता चालता थबकला, कान मागे वळले, शेपटी झटकू लागला, की समजायचं. पक्षी अंड्यांवरून उठून फांदीवर बसून ओरडू लागला, तर कॅमेरा खाली ठेवून निघायचं. उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातही खराब होऊ शकतात, आणि कावळे आपल्यामागून बघतच असतात. घरट्यासमोरची एखादी फांदी ‘जरा आड येते’ म्हणून वाकवणं किंवा तोडणं तर पूर्ण बंद. ती फांदी पक्ष्यानं विचार करूनच निवडलेली असते.

तिसरी गोष्ट रस्त्याची. वाघाला जंगलातले आपले रस्ते आवडतात. मऊ धूळ असते, चालायला सोपे पडतात, कडेच्या झाडांवर खुणा करता येतात. तो समोरून चालत आला तर गाडी हळूच मागे घ्यायची. तो रस्ता ओलांडणार असेल तर पुढची आणि मागची वाट मोकळी ठेवायची. गाड्यांनी दोन्ही बाजू बंद करायच्या नाहीत. हे मी उगाच सांगत नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना गाड्यांनी दोन्हीकडून असंच अडवलं होतं. चित्रफीत सगळीकडे फिरली. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तुमच्यातल्या अनेकांनी ती चित्रफीत मला पाठवली होती, ‘काय हे लोक’ म्हणून. त्यावर मी काहीच उत्तर दिलं नव्हतं. का, ते सांगतोच.

आता थोडं कॅमेऱ्याचं. मोबाईल कोअरमध्ये वापरायला बंदी आहे, त्यामुळे बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटला. दुर्बीण असेल तर आणा. शपथेवर सांगतो, दुर्बिणीतून पाहिलेला वाघ फोटोपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, त्यांनी फ्लॅश बंद करा आणि फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही बंद करा. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. ३०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. एका कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरा, ती जिप्सीच्या दांडीवर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. हात हलण्यानं जेवढे फोटो बिघडतात, तेवढे लांबून काढल्यामुळे बिघडत नाहीत. सकाळी उजेड कमी असतो, आयएसओ वाढवायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

आणि फोटोत जंगल येऊ द्या. वाघाचं तोंडच तोंड असलेले फोटो इंटरनेटवर लाखो आहेत. बांबूच्या बेटात, ऐनाच्या बुंध्यांमध्ये, धुक्यातून जाणारा छोटासा वाघ तुम्ही काढलात, तर तो कुठल्या जागेचा आहे हे तरी कळेल.

पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर किंवा स्पीकरवर त्याचा आवाज वाजवतात. ते करू नका. विणीच्या दिवसांत त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणं-पिणं, घरटं सोडून भांडायला येतो आणि समोर कोणीच नसतं. दुर्मिळ पक्ष्याचं घरटं सापडलं तर फोटोखाली गावाचं, नाल्याचं नाव टाकू नका. फोटोत जागेची नोंद आपोआप साठत असेल तर ती सेटिंग बंद करा. चार दिवसांत तिथे चाळीस माणसं उभी राहतात, आणि सगळीच चांगल्या हेतूनं आलेली नसतात.

खरेपणाबद्दल एक शब्द. गोरेवाड्यात किंवा महाराजबागेत काढलेला फोटो असेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची मोठी स्पर्धा असते. २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. पुढे परीक्षकांचं मत झालं की तो लांडगा बहुधा शिकवलेला, पाळीव होता, आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. २०१८ मध्ये आणखी एका विजेत्याचा फोटो बाद झाला, कारण त्यातलं मुंगीखाऊ जनावर भुसा भरलेलं असावं असा निष्कर्ष निघाला. फोटो दोन्ही सुंदर होते. पण ‘हे असं घडलं’ असं सांगून ते दाखवले गेले होते, आणि तसं ते घडलं नव्हतं.

आता माझी गोष्ट.

आपल्या शाळेच्या वाचनालयात दारासमोरच्या भिंतीवर वाघिणीचा एक मोठा फोटो आहे. दहा वर्षांपूर्वी, आपल्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात मी तो शाळेला भेट दिला. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. वाघीण थेट कॅमेऱ्यात बघतेय, सुळे दिसताहेत, कान मागे गेलेले. त्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं, लेन्स कोणती, जंगल कोणतं, भीती वाटली का. फक्त आपल्या चित्रकलेच्या सरांनी वेगळा प्रश्न विचारला होता. चष्मा वर करून बराच वेळ बघून सर म्हणाले, ‘ही कोणावर चिडली आहे रे?’ मी हसलो आणि म्हणालो, ‘सर, तीच तर मजा आहे.’

तो फोटो २०१४ च्या मे महिन्यातला आहे. विदर्भातलंच एक जंगल, नाव सांगत नाही. दुपारचे चार वाजले असतील. आपल्याकडचा मे, तुम्हाला ऊन सांगायला नको. रस्त्याच्या एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला पाणवठा. वाघीण बांबूतून बाहेर आली, मागे पिल्लांची हालचाल दिसत होती. ती त्यांना पाण्यावर नेत होती. मला समोरून फोटो हवा होता. मी चालकाला गाडी पुढे घ्यायला सांगितली. गाइड म्हणाला, ‘साहेब, तिले वाट पायजे.’ मी म्हणालो, ‘दोनच मिनिटं,’ आणि चालकाच्या हातात पाचशेची नोट ठेवली. गाडी पुढे गेली. आमच्या मागोमाग दुसरी गाडी आली आणि उरलेली फट बंद झाली. वाघीण थांबली. कान मागे गेले. तिनं दात दाखवले. मला फोटो मिळाला.

ती परत बांबूत गेली. आम्ही ती पुन्हा येईल म्हणून तिथेच चाळीस मिनिटं उभे होतो. आली नाही. मग गेट बंद व्हायची वेळ झाली म्हणून निघालो. त्या संध्याकाळी ती पिल्लं पाणी प्यायली की नाही, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी त्या फोटोकडे बघून एकदाही हे विसरू शकलेलो नाही, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. दोन वर्षं मी ते अगदी छान विसरलो होतो.

२०१६ साली मी त्याच गेटवर गेलो आणि त्या गाइडची चौकशी केली. दुसरा एक गाइड म्हणाला, ‘तो तुमच्याच फोटोत गेला ना साहेब.’ मी फेसबुकवर जो मूळ फोटो टाकला होता, त्याच्या कोपऱ्यात पुढच्या गाडीचा आरसा दिसत होता. तो वनखात्याच्या कोणीतरी पाहिला, अंतर किती होतं ते कळलं, गेटवरच्या रजिस्टरमधून गाड्या सापडल्या. त्याला दोन महिने कामावरून बंद केलं होतं. मला कोणीच काही विचारलं नव्हतं. शाळेला दिलेल्या फोटोत तो आरसा नाही. मोठी प्रत करताना मी तो कापला होता, फोटो नीट दिसावा म्हणून.

मी त्याच्या घरी गेलो. त्यानं पाणी दिलं, चहा केला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘तुमाले फोटो भेटला साहेब. मले घरी बसा लागलं.’ मी पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. पुढे तो पुन्हा कामावर लागला. त्याच्याबरोबर मी नंतर तीनदा जंगलात गेलो आहे. वाघ एकदाच दिसला, तोही लांबून, पाठमोरा. त्याचा फोटो मी आज बरोबर आणलाय. वाघ त्यात बोटाएवढा आहे. समोर रस्ता मोकळा आहे.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दहा वर्षं दिलं नाही. ती माझ्यावर चिडली होती.

बाई, मुख्याध्यापक म्हणून आता तुम्हीच ठरवा. जुना फोटो उतरवून हा लावायचा असेल तर उद्या सहलीहून आल्यावर मी स्वतः शिडीवर चढतो. जुना ठेवायचा असेल तर त्याखाली एक पाटी लावू, तो कसा काढला आणि त्यापायी कोणाचं काम बंद झालं ते लिहून. वाचनालयात बसणाऱ्या पोरांना वाघिणीचे कान वाचता आले, तर तेही चांगलंच.

आता उद्याचं. पावणेपाचला शाळेच्या फाटकाशी जमायचं आहे. उघडी जीप आहे, डिसेंबर आहे, स्वेटर आणि कानटोपी आणा. भडक लाल-पिवळे कपडे नकोत, सेंट नको. ओळखपत्र विसरू नका, बुकिंग नावावर आहे. गाडीतून कोणी खाली उतरायचं नाही. डबा गेटवर आल्यावरच उघडायचा, आणि प्लास्टिकचा एक कागदही आत पडता कामा नये. आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते लक्षात आहे ना?

शाळेत कविता पाठ केल्यासारखं सगळ्यांनी एकदा म्हणा बघू. वाघ दिसला नाही तरी चालेल.