कृश देहांतील मेद

मधुमेह हा सुखवस्तु आणि स्थूल माणसांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. बैठें काम, गोडधोड जेवण आणि सुटलेलें पोट हीं त्याचीं कारणें मानलीं जातात. ही समजूत खोटी नाहीं. पण ती अर्धीच आहे. उरलेल्या अर्ध्या सत्याचा शोध घेण्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

ऑक्सफर्ड येथें संशोधनाचा अनुभव घेऊन ते पुण्यास परतले, तेव्हां समोर येणारे रुग्ण पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाशीं जुळेनात. ग्रंथांतला मधुमेही वयानें उतार व अंगानें स्थूल. समोरचा पुष्कळदां तरुण आणि हातापायांनीं किरकोळ, पोटाचा घेर मात्र वाढलेला. खादाडपणाचा दोष द्यावा तर शरीर कृश. आणि रोग नाहीं म्हणावें तर रक्तांतील साखर साक्षीस उभी!

याच सुमारास इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर असें प्रतिपादूं लागले होते कीं, गर्भांत ज्याचें पोषण अपुरें होतें, त्याला प्रौढपणीं हृदयविकार व मधुमेह जडण्याचा संभव अधिक. या विचाराची परीक्षा पाहण्यासाठीं डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळचीं सहा खेडीं निवडलीं. तेथील तरुण स्त्रियांचें गरोदरपणापूर्वींचें सरासरी वजन अवघें ४२ किलोग्रॅम. त्यांच्या आहाराची, कष्टांची आणि पुढें जन्मलेल्या बालकांची बारकाईनें नोंद झाली. साउदॅम्प्टनचें नवजात बालक सरासरी ३.५ किलोग्रॅमचें, तर या खेड्यांतलें सुमारें २.७ किलोग्रॅमचें भरलें. परंतु ही उणीव सर्वांगीं सारखी नव्हती. दंडाचा व पोटाचा घेर फार कमी होता; पाठीच्या कातडीखालचा मेद मात्र त्या मानानें टिकून होता. बालक कृश, तरीहि मेदयुक्त! हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढल्याच वर्षीं डॉ. याज्ञिक यांनीं स्वतःचेंच शरीर दाखल्यासाठीं पुढें केलें. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत ते व त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र आलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३. परंतु क्ष-किरणांनीं मापन करतां युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाला. वजनकाट्यावर विसंबून 'आपण बारीक आहों' असें समाधान मानणाऱ्यांस हा मोठाच इशारा होता.

मग मातेच्या आहारांत उणें तें काय? ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत, त्यांचीं बालकें अधिक भरदार असल्याचें आढळलें. सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. तें दूध, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें; वनस्पतींतून मिळत नाहीं. २००८ सालच्या निबंधांत असें दिसलें कीं, ज्या मातांच्या रक्तांत फोलेट पुष्कळ पण ब-१२ अल्प, त्यांचीं मुलें सहाव्या वर्षींच इन्शुलिनला कमी दाद देत होतीं. गरोदरपणीं फॉलिक अॅसिड वर्ज्य करावें असा याचा अर्थ नव्हे. गर्भाच्या मज्जारज्जूस तें आवश्यकच आहे. त्याच्या जोडीस ब-१२ हि पुरेसें हवें, एवढाच बोध.

२०१२ सालापासून त्याच खेड्यांतील, आतां तारुण्यांत आलेल्या मुलामुलींस ब-१२ देऊन त्यांच्या पुढील संततीकडे लक्ष ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्यांना जन्मतांच तोलून पाहिलें, त्यांच्याच अपत्यांस पुन्हां तोलावयाचें! त्या अपत्यांस प्रौढपणीं मधुमेह टळेल कीं नाहीं, याचें उत्तर तीं मोठीं झाल्यावांचून मिळणार नाहीं. आणि त्यास एका वैद्याचें आयुष्य पुरत नाहीं.

तथापि कुटुंबांनीं तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर उरेल तें सुनेच्या ताटांत पडावें, आणि दुधाचा पेला मुलीआधीं मुलाकडे जावा, ही रीत अनेक घरांत चालत आली. मधुमेहाच्या औषधावर पुढें मोठा खर्च करण्यापेक्षां ती रीत आज मोडणें स्वस्त आहे. नातवाच्या आरोग्याचा पाया त्याच ताटांत घातला जातो.