'घाटी' कुणाला म्हणता?



सातारा-सांगलीचा गडी घाट उतरून मुंबईला आला, की त्याचं नाव चाळीच्या दारातच गळून पडे. तो नुसता 'घाटी' होई! आणि आपण स्वतःला काय समजत होतो? १९४३ पासून इंग्रजाच्या नाकावर टिच्चून ज्यांनी गावोगाव न्याय दिला, थोडक्या खर्चात लग्ने लावली, त्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसं! इंग्रजाच्या दप्तरी मात्र तेच गुंड आणि दरोडेखोर.

१९५५ साली मुंबईचा प्रश्न निघाला, तेव्हा हीच नजर पुन्हा आपल्यावर रोखली गेली. मुंबई भांडवलाने उभी राहिली, तुम्ही नुसते राबणारे, असं ऐकवण्यात आलं. अहो, रातपाळीला साचे काय भांडवल चालवीत होतं? कामगारांनी जाब विचारला. शंभरावर माणसं हुतात्मा झाली, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला.

हे अभिमानाने सांगावं. पण दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या जास्त पगाराच्या खात्यात शिरकाव नव्हता. आडवे कोण येत होते? मालकाइतकेच आपलेच सवर्ण कामगार! 'घाटी' म्हटल्यावर ज्यांचं रक्त उसळे, तेच शेजारच्या गड्याला विटाळ म्हणत. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न उघड मांडला.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले. त्यांच्या 'माझी मैना'ने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या. गावात मात्र त्यांच्या मांग समाजाचं घर वेशीबाहेर. मुंबईच्या मैदानात ज्याला डोक्यावर घेतलं, त्याला गावच्या पाणवठ्यावर जागा होती का?

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके झाले. नजर मात्र तीच राहिली. आज पोटासाठी परमुलखातून आलेल्या गड्याला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? बेळगावच्या मराठी माणसासाठी आपण मान मागतो, तो हक्काचाच आहे. पण मागणाऱ्याने आधी आपल्या दारातल्या माणसाला नावाने हाक मारायला शिकावं. मग आवाज चढवा, कुणाची छाती आहे अडवायची!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!