कण्याचा घसारा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचं ठरलं होतं. त्यावर बोलूच. पण सकाळी मांडवाकडे येताना एक गोष्ट पाहिली, ती आधी सांगतो. एस. टी. तून साठीच्या पुढच्या दहा-बारा बाया उतरल्या आणि चालत निघाल्या. निम्म्याहून जास्त बाया कमरेत वाकलेल्या. दोघी-तिघी तर मांडीवर हात टेकून, थांबत थांबत चालत होत्या. मागून त्यांच्याच वयाचे त्यांचे मालक येत होते, बहुतेक ताठ. एकाच चुलीवरची भाकर, एकाच विहिरीचं पाणी, एकच वावर. मग बाई वाकडी आणि बुवा सरळ, हे कसं?

मी एका मावशीला विचारलं. ती म्हणाली, "म्हातारपण आलं ना बापू, दुसरं काय! कंबर काही आता माह्या हातात नाही राह्यली." म्हातारपण तर मागून येणाऱ्या बुवालाही आलं होतं.

मी शेतकीचा पदवीधर. दोन ओळींतलं अंतर किती, दोन झाडांतलं किती, एकरी झाडं किती, हे सगळं मला पाठ करायला लावलं. ते झाड निंदायला बाईनं किती तास वाकायचं, हा प्रश्न चार वर्षांत एकदाही परीक्षेत आला नाही. म्हणून पुढचं मी उशिरा, डॉक्टर मित्रांना विचारून आणि वाचून शिकलो.

माणसाचा कणा मांडवाच्या खांबासारखा सरळ नसतो. बाजूनं पाहिलं तर मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत, असे बाक असतात. जन्मलेल्या लेकराचा कणा एकाच बाकाचा, पोटात मुटकुळं करून असतं तसा. लेकरू मान धरू लागलं की मानेचा बाक येतो आणि उभं राहून चालू लागलं की कमरेचा बाक पक्का होतो. म्हणजे कमरेचा आतला बाक ही उभं राहण्याची कमाई आहे. निंदताना, वेचताना, सोंगताना आपण तीच कमाई रोज सात-आठ तास उलटी करतो.

दोन मणक्यांच्या मधे गादी असते. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिनी नसते. दाब पडला की तिच्यातलं पाणी हळूहळू बाहेर जातं, दाब सुटला की परत आत शिरतं, आणि बरंचसं पोषणही असंच पाझरून पोचतं. म्हणून तर माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. वय वाढतं तशी गादी सुकते. दाब जास्त असला तर झिजही जास्त.

दाब किती? पहार आपण सगळ्यांनीच चालवली आहे, तोच हिशेब. ४५ किलोच्या बाईचं कमरेच्या वरचं अंग पंचवीस किलो धरा. ती वाकली की हे वजन कण्याच्या पुढे फूटभर जातं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम दोन इंचांवर. म्हणजे सहापट ओढ. पंचवीस सक दीडशे किलो! आपल्या जिनिंगमधली रुईची गाठ १७० किलोची असते. वाकलेल्या बाईच्या कमरेवर जवळजवळ एक गाठ ठेवलेली आहे असं समजा, आणि ओटीत अजून कापूस पडलेला नाही. स्वीडनचे डॉक्टर नाचेमसन यांनी माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर पुढे वाकल्यावर तो १५० आणि हातात वजन घेऊन वाकल्यावर २२० भरला.

आता वेचणीचा हिशेब करा. एका बोंडातून चार ग्रॅम कापूस निघतो असं धरलं, तर चाळीस किलो वेचणाऱ्या बाईनं दिवसात दहा हजार बोंडं हाताळली. वरची बोंडं उभ्यानं मिळतात, खालची नाही. वेचणी किलोवर, म्हणून मधे कंबर सरळ करायला थांबली तर तेवढी रोजी बुडाली.

निंदणाचं वेगळं. उकिडवं बसणं वाईट नाही, आपण जेवतो-बसतो तसेच. पण उकिडवं बसून, पाठीची कमान करून, तासन् तास पुढे सरकत राहिलं की स्नायू थकतात आणि सगळा ताण मणके बांधणाऱ्या बंधांवर येतो. वीस मिनिटं पूर्ण वाकून राहिल्यावर हे ताणलेले बंध अर्ध्या तासातही पुरते जागेवर येत नाहीत. आणि आपण काय करतो? दिवसभर निंदून उठलो की त्याच मिनिटाला भारा नाहीतर गाठोडं उचलतो. कंबरेत चमक भरते ती बहुधा तेव्हाच.

अशी वर्षं लोटली की पाठीचे स्नायू झडतात, गाद्या बसतात, कमरेचा बाक आधी सपाट होतो आणि मग उलटा. हे दुखणं आपल्याच मुलखाचं नाही. जपानमध्ये टाकेमित्सू आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी १९८८ साली हे नोंदवून ठेवलं. वाकून शेतीकाम करण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्या बायांमध्ये त्यांना ते दिसलं. कोरियातल्या खेड्यांतही तेच आढळलं. खुणा ऐका. चढ चढता येत नाही. समोर धरून जड वस्तू नेता येत नाही. स्वयंपाक करताना कोपर ओट्यावर टेकावं लागतं. सकाळी बरं असतं आणि दिवस चढतो तशी बाई वाकत जाते. तिकडे भाताची रोवणी, इकडे पऱ्हाटीचं निंदण. कंबर तीच.

पुढचे परिणाम कंबरेत थांबत नाहीत. अंगाचा तोल पुढे गेला की तो सावरायला गुडघे वाकवून चालावं लागतं, म्हणून गुडघे जातात. पाठीचा वरचा भाग वाकला तर छातीला जागा उरत नाही, दम लागतो. पोट दाबलं जातं, अन्न वर येतं. समोर पाहायला मान उंच धरावी लागते, मग मान दुखते. आणि असं माणूस पडतं लवकर.

आता सगळंच निंदणावर ढकललं तर मी खोटा ठरेन. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात. मग मणका समोरून चेपतो, कधी साधी घागर उचलतानाही, आणि उंची कमी होते. लहान वयात पिशवीबरोबर बीजांडंही काढली तर ही झीज वीस-वीस वर्षं आधी सुरू होते. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या अशा ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. आपल्याकडेही डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय टेबलावर जाऊ नका.

पाठीत एका जागी टोकदार कुबड येत असेल, रात्री दुखत असेल, बारीक ताप आणि वजन घटत असेल तर तो मणक्याचा टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, पण ते पूर्ण घ्यावं लागतं. यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं कणा ताठरतो. तरण्या पोराची कंबर पहाटे आखडत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. दहा-बारा वर्षांच्या पोरीचा कणा बाजूला झुकत असेल तर बहुतेक वेळा कारण सापडत नाही. ती वाकडी बसते म्हणून तिला रागावू नका, डॉक्टरला दाखवा. आणि लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.

घरी गेल्यावर एक करा. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहा. डोकं सहज भिंतीला लागलं तर ठीक. नाही लागलं तर पाटीवर नाहीतर सतरंजीवर उताणं झोपून पाहा. झोपल्यावर पाठ सरळ होत असेल तर वाक अजून बराचसा स्नायूंचा आहे, त्यात सुधारणेला जागा आहे. झोपूनही होत नसेल तर हाडातच बदल झाला असण्याची शक्यता जास्त. मग मालिशवाल्याकडून पाठीवर पाय देऊन घेऊ नका. विरळ हाड मोडतं.

आता मूळ मुद्दा. कृषी खर्च व मूल्य आयोग आपला उत्पादन खर्च काढतो. त्यात वखर, डवरा, पंप, कोठा यांचा घसारा धरला जातो. धरायलाच पाहिजे, लोखंड झिजतं. घरच्या माणसांच्या मेहनतीची मजुरी धरतात, तीही किती तोकडी ते आपण जाणतो. पण त्या मेहनतीत झिजलेल्या कण्याचा घसारा कोणत्याच रकान्यात नाही. चाळिशीनंतर बाईला किती दिवस कामावर जाता आलं नाही, दवाखान्यात किती गेले, सुनेला तिची सेवा करायला किती रोज पाडावे लागले, हे कापसाच्या क्विंटलमागे कोणी लावलं? दिल्लीनं नाही लावलं, हे खरं. आपण तरी कुठं लावलं?

कारण वावरातली वाटणी आपली आहे. वखर, डवरा, तिफण ही उभ्यानं चालवायची अवजारं, ती बुवाकडे. पाठीवरचा पंपही बुवाकडेच, सोळा लिटरचा, त्यानं त्याचीही कंबर जाते. पण खुरपं आणि ओटी, जमिनीला डोकं लावून करायचं काम, ते बाईकडे. २००२ नंतर बीटीचं महाग बी आलं, तेव्हा बी वाया जाऊ नये म्हणून हातानं टोबणी वाढली. तीही वाकून. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला तणनाशक सहन करणारा कापूस जाहीरपणे लावला गेला. त्या वादात निंदणाचा खर्च आणि मजुरांची टंचाई यावर खूप बोललं गेलं. निंदणाऱ्या बाईची कंबर हा मुद्दा मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. माझ्याही तोंडून नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मळ्यांत मेक्सिकन मजुरांना फूटभर दांड्याची कुदळ देत. मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखुडकी. मळेवाले म्हणायचे, लांब दांडा दिला तर पीक तुटेल. खरी सोय ही होती की कोणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबून दिसे. मजुरांचे नेते सीझर चावेझ स्वतः तरुणपणी ती वापरून जन्माची पाठदुखी घेऊन बसले होते. मजूर कोर्टात गेले आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. पीक काही बुडालं नाही.

आपल्याला कोर्टात जायची गरज नाही. लांब दांड्याचं खुरपं आणि सायकलच्या चाकाचं हातकोळपं लोहार गावातच करून देतो. मी त्याची जाहिरात करत नाही. भारी काळ्या जमिनीत वाफसा नसताना ते चिखलानं भरतं, आणि झाडाच्या बुडाचं तण त्यानं निघत नाही. तिथं खुरपं लागेलच. पण दोन ओळींमधलं निघालं तरी वाकणं पुष्कळ कमी होतं. दांडा चालवणाऱ्या बाईच्या छातीपर्यंत यावा, बुवाच्या नाही.

वेचणीला ओटी पोटावर लोंबकळते, तिच्याऐवजी दोन्ही खांद्यांवर अडकणारी झोळी शिवा. चवाळं धुऱ्यावर न टाकता वावराच्या मधोमध टाका, म्हणजे तीन-चार किलोवर रिकामं करायला जाणं परवडेल. निंदून उठल्यावर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून मागे झुका आणि मगच भारा उचला. रात्री पालथं झोपून छाती जमिनीपासून थोडी वर उचला, पाच-दहा वेळा. दुखलं तर थांबा. ज्वारीत चुना फार नाही, तेव्हा दूध, ताक, तीळ बाईच्या ताटातही पडू द्या. सगळं डेअरीला घालून तिच्या वाट्याला काळा चहा ठेवू नका. हसताय, पण खरं आहे ना?

मांडवाच्या मागे तीन वेगवेगळ्या दांड्यांची कोळपी ठेवली आहेत. बाजूच्या पडिताचा एक पट्टाही मोकळा ठेवला आहे. चहा होईपर्यंत आधी बाया चालवून पाहतील, बुवांनी तोवर दांड्याला हात लावू नये. कोणता दांडा कोणाला जमला ते लिहून घ्यायला दोन पोरी बसवल्या आहेत. चहानंतर कापसाच्या भावावर बोलू.