मुक्या फलकाची बाराखडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



लाल ठिपक्यांची अक्षरं सरकत नेणारा फलक तुम्ही बँकेत, एसटी स्टँडवर, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात नक्की पाहिला असेल. मुंबईतलं एक दुकान बंद झालं, तेव्हा भंगारात निघालेला असाच एक फलक माझ्या भाच्यानं मिठबावला आणून टाकला. लांबी मीटरभर, वजन चांगलं दहा किलो. माहितीपुस्तिका नाही, संगणकातून मजकूर भरायची फ्लॉपी नाही, बनवणाऱ्याच्या नावाची पट्टीसुद्धा गंजून गेलेली. माझं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेलं, तेव्हा निवृत्तीनंतर हे काम माझ्याकडे येणं ओघानंच आलं. शेजारच्या पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकानू, ह्यो डबो पेटतलो काय?"

पेटवायची घाई मात्र करायची नसते. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगमध्ये घालू नये. मी आधी झाकण उघडलं. आत एक छोटी निकेल-कॅडमियमची बॅटरी होती आणि तिच्यातून पाझरलेल्या क्षारानं आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा हिरव्यानिळ्या करून टाकल्या होत्या. जुन्या फलकांचं हे ठरलेलं दुखणं. वीज गेली तरी मजकूर लक्षात राहावा म्हणून ती बॅटरी बसवलेली असते आणि शेवटी तीच सगळं खाते. ती काढली, ब्रशनं आणि स्पिरिटनं जागा साफ केली, तुटलेल्या रेषांवर बारीक तार जोडली. मग साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, फलक वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. फलकावर मात्र नुसता लाल गोंधळ.

त्या गोंधळातही अर्थ असतो. फलकावर उभे सोळा आणि आडवे शहाण्णव, म्हणजे १५३६ दिवे. ते सगळे एकदम पेटत नाहीत. एका वेळी एकच आडवी ओळ पेटते, मग दुसरी, मग तिसरी, आणि हे चक्र सेकंदाला साठ-सत्तर वेळा फिरतं. डोळ्याला वाटतं, सगळं एकत्र पेटलंय. त्यामुळे पूर्ण आडवी ओळ काळी दिसली तर त्या ओळीचा ट्रान्झिस्टर गेला, आणि आठ उभ्या रांगांचा पट्टा बिघडला तर त्या पट्ट्याची चिप गेली, असं नुसतं पाहून सांगता येतं. माझ्या फलकात दोन आडव्या ओळी काळ्या होत्या. दोन ट्रान्झिस्टर बदलले, काम झालं. सगळे दिवे लालच का, असं पोरं विचारतात. दिसणारा लाल प्रकाश देणारा दिवा निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. चांगला उजळ निळा दिवा यायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं. तोवर दुकानांच्या पाट्यांवर लाल रंगाचंच राज्य होतं.

आता प्रश्न, याच्याशी बोलायचं कसं? मागे नऊ पिनांचं सॉकेट होतं. मल्टिमीटर लावला. एका पिनेवर उणे नऊ व्होल्ट दिसले. स्वस्थ असताना उणे व्होल्ट दाखवणारी पिन म्हणजे फलकाचं तोंड, तर कान दुसऱ्या पिनेला. बोलण्याचा वेग आतल्या क्रिस्टलनं सांगितला. त्यावर ११.०५९२ मेगाहर्ट्झ असं कोरलेलं होतं. इतका विचित्र आकडा उगाच कुणी निवडत नाही. त्याला १२ नं, मग ३२ नं, मग ३ नं भागलं की बरोबर ९६०० येतात, आणि सेकंदाला ९६०० ठोके हा अशा यंत्रांचा नेहमीचा वेग. जुना लॅपटॉप जोडला आणि त्या वेगानं इंग्रजी 'ए' पाठवला. काहीच नाही. अशा यंत्रांना बहुधा मजकुराच्या आधी 'ऐक' आणि नंतर 'संपलं' अशा अर्थाचे संकेत लागतात. त्यासाठी ठरलेले आकडे मोजकेच, म्हणून एकेक जोडी घालून पाहत गेलो. तिसऱ्या संध्याकाळी आधी २ आणि शेवटी ३ पाठवल्यावर फलकावर लालबुंद 'ए' उमटला. मिठबावच्या भाषेत सांगायचं तर, डबो पेटलो.

इथं गोष्ट संपली असती, पण गावातल्या मच्छीमारांना हा फलक जाळी ठेवायच्या शेडच्या ओसरीत हवा होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानं देवगड-मालवण किनाऱ्याला दिलेला तडाखा इथं कुणी विसरलेलं नाही. हवामान खात्याचा इशारा रेडिओवर येतो, मोबाइलवर येतो, पण पहाटे होडी लोटणाऱ्याच्या नजरेसमोर तो असेलच असं नाही. आणि फलकाला येत होती फक्त इंग्रजी अक्षरं.

देवनागरी ठिपक्यांत बसवणं हे वेगळंच प्रकरण आहे. इंग्रजीला सात ओळी पुरतात. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेषा, मधे अक्षराचा देह आणि खाली उकार. सोळा ओळींत हे कसंबसं मावतं. शिवाय 'कि' लिहिताना संगणक आधी 'क' साठवतो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जुन्या चिपला एवढी अक्कल कुठून असणार? म्हणून मी तिला निवृत्त केलं आणि तिच्या जागी आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड जोडला. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी बनलेला हा बोर्ड आता कुठंही मिळतो. प्रत्येक वाक्याचं मी चित्रच काढलं, चौकटीच्या वहीत पेन्सिलनं. फलकभर चित्राला अवघे १९२ बाइट लागतात. बॅटरीची गरजच उरली नाही. पावसात वीज कितीदाही गेली तरी चित्रं तशीच राहतात.

सहा वाक्यं तयार करून मी एका तांडेलाला दाखवली. तो म्हणाला, "लिवलेला वाचतलो कोण? आमका बावटो कळता." त्याचं खरं होतं. देवगड बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, हे इथल्या माणसाला शाळेत न जाताही ठाऊक असतं. बंदरावर खुणा चढवून इशारा देण्याची पद्धत आपल्या देशात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. दिवसा आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे. मी चार वाक्यं खोडली आणि त्या जागी फलकाच्या डाव्या बाजूला फडकणारा बावटा आणि शेजारी भला मोठा आकडा काढला. लांबून, अंधारात, होडीतूनही दिसतो.

त्याहून मोठा वाद झाला तो इशारा काढायचा कुणी यावर. लावणारे दहाजण पुढे येतात, काढायला कुणी नसतो. कालचा बावटा आजही चमकत राहिला तर दोन दिवसांत लोक त्याच्याकडे पाहणं सोडतील, आणि तिसऱ्या दिवशी खराखुरा इशारा आला तरी तो वाया जाईल. माझ्या मते असा फलक नसलेलाच बरा. म्हणून बटण दाबल्यापासून बारा तासांनी चित्र आपोआप विझतं. इशारा कायम असेल तर कुणीतरी बातमी ऐकून पुन्हा बटण दाबायचं. काहींना ही कटकट वाटते. वाटू दे.

खाऱ्या हवेचं मात्र काही करता येत नाही. सर्किटवर वॉर्निश मारलंय, सॉकेटला ग्रीस लावलंय, तरी तिसऱ्या पट्ट्यातले दिवे अधूनमधून मंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फलक खाली उतरवतो आणि खोलून साफ करतो. कुठली तार कुठं, कुठली पिन कशाची, बटणं कोणती, हे सगळं मराठीत लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. तो कागद वाचून शेजारच्या त्याच पोरानं यंदा एक चिप स्वतः बदलली, आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'आधी प्लग काढा.'